पांढऱ्या खोडाचा पाइन आणि माळव्याची अफू

बागेत झाड लावताना माणूस बहुधा फूल, फळ किंवा सावली पाहतो. चीनमधला एक पाइन मात्र शतकानुशतकं मुख्यतः त्याच्या खोडासाठी लावला गेला. वनस्पतिशास्त्रात त्याला पायनस बंजियाना म्हणतात. चिनी लोक पांढऱ्या सालीचा पाइन म्हणून त्याला ओळखतात. कोवळ्या वयात त्याचं खोड गुळगुळीत, करडं-हिरवं असतं. मग पेरूच्या खोडावरून सुटाव्यात तशा गोलसर, पातळ खपल्या त्यावरून सुटू लागतात. खपली गळाली की खालची फिकट पिवळसर साल उघडी पडते आणि उजेड लागून ती हळूहळू हिरवट, तपकिरी, जांभळट होत जाते. सगळ्या खपल्या एकदम गळत नाहीत, म्हणून एकाच खोडावर हे सारे रंग शेजारीशेजारी दिसतात. झाड फार जुनं झालं की रंगांचा हा पसारा आवरतो आणि खोड पांढरंफटक पडतं. आज हे झाड लंडनजवळच्या क्यू उद्यानात आहे, युरोप-अमेरिकेतल्या अनेक वृक्षोद्यानांत आहे. ते तिथे कसं पोचलं, याचं उत्तर बागकामाच्या पुस्तकांत एका ओळीत मिळतं: रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४६ साली ते इंग्लंडात आणलं. ही ओळ खरी आहे, पण अपुरी आहे. फॉर्च्यून ज्या दारातून चीनमध्ये शिरले ते दार इंग्लंड-चीन युद्धात तोफांनी उघडलं होतं, आणि त्या युद्धाच्या मुळाशी जी अफू होती तिचा मोठा वाटा शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकून मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातून चीनला गेला होता. म्हणून या परक्या झाडाच्या प्रवासात आपल्या इतिहासाचंही एक पान आहे, आणि ते वाचल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही.

हा पाइन मूळचा शान्शी, शेन्शी, कान्सू, हनान या प्रांतांतल्या डोंगरांवरचा. तो फार सावकाश वाढतो. लावणाऱ्याला त्याचं पांढरं खोड आपल्या हयातीत पाहायला मिळण्याची आशा नसते. त्यामुळे जिथे माणसं पिढ्यांच्या हिशोबानं विचार करतात तिथेच तो रुजला: देवळांच्या आवारात, राजवाड्यांच्या बागांत आणि थडग्यांच्या भोवती. बेइजिंगच्या बेइहाइ उद्यानाला लागून तुआनचंग नावाची गोल तटबंदी आहे. तिथल्या एका जुन्या पाइनाला छ्येनलुंग बादशहानं ‘पांढऱ्या झग्यातला सेनापती’ असा किताब दिला, असं परंपरा सांगते. शहराच्या पश्चिमेला जिएताइ मंदिरात नऊ फाट्यांचा एक पाइन आहे. त्याचं वय तेराशे वर्षांच्या घरात मानलं जातं. अशा झाडांजवळ परक्या माणसाला सहज जाता येत नसे. १७५७ साली छ्येनलुंगनं युरोपीय व्यापाऱ्यांना एकच बंदर मोकळं ठेवलं, ते दक्षिणेकडचं कँटन. तिथेही त्यांनी नदीकाठच्या वखारींच्या आसपासच राहायचं, चिनी दलालांच्या मार्फतच व्यवहार करायचा आणि ठरावीक दिवशी पलीकडच्या रोपवाटिकांत फेरफटका मारायचा, एवढीच मुभा होती. कॅमेलिया, अझेलिया, शेवंतीच्या नाना जाती युरोपला मिळाल्या त्या बहुतांशी याच वाटेनं. कँटन उष्ण आणि दमट, हा पाइन मात्र थंड, कोरड्या उत्तरेतला. ही बंधनं सैल व्हावीत म्हणून १७९३ साली लॉर्ड मॅकार्टनी इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून दरबारात गेला आणि रिकाम्या हातानं परतला.

तरीही एक युरोपीय शास्त्रज्ञ या झाडापर्यंत युद्धाआधी पोचला होता. रशिया आणि चीन यांच्यात १७२७ साली क्याख्ताचा तह झाला आणि त्यानुसार रशियन धर्मप्रचारकांच्या बेइजिंगमधल्या ठाण्याला मान्यता मिळाली. ठरावीक वर्षांनी जुनी माणसं परत जात आणि नवी येत. १८३०-३१ मध्ये अशाच एका तुकडीबरोबर अलेक्झांडर बुंगे हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ मंगोलियाच्या वाळवंटातून बेइजिंगला आला. तिथल्या देवळांच्या परिसरात त्यानं हा पाइन पाहिला, नमुने गोळा केले आणि उत्तर चीनच्या वनस्पतींची यादी १८३३ साली प्रसिद्ध केली. पुढे १८४७ साली या पाइनाचं शास्त्रीय नाव छापलं गेलं ते त्याच्याच नावावरून. बुंगेचं उदाहरण लक्षात ठेवायला हवं, कारण त्यातून एक गोष्ट उघड होते: या झाडाची ओळख जगाला शांततेच्या काळात, चिनी दरबाराच्या परवानगीनं झाली. अभ्यासकाला वाट बंद नव्हती. बंद होती ती, मनाला येईल तिथे माल विकण्याची आणि मनाला येईल ते उचलून नेण्याची वाट. ती उघडण्यामागचं कारण शोधायला बेइजिंगहून थेट मंदसौर, उज्जैन, इंदूरकडे यावं लागतं.

माळव्याच्या काळ्या जमिनीत खसखशीचं पीक कार्तिकाच्या सुमारास पेरलं जाई. माघ-फाल्गुनात बोंडं भरली की दिवस कलताना त्यांवर उभे चिरे पाडत. रात्रभर पाझरलेला चीक सकाळपर्यंत घट्ट होई आणि तो खरवडून अळशीच्या तेलात ठेवला जाई, म्हणजे सुकत नसे. पुढे तेल निथळवून त्याच्या वड्या वळत आणि पेट्यांत भरत. चीनसाठी भरलेल्या एका पेटीत साठ किलोंहून अधिक अफू असे. बंगाल-बिहारात अफू पिकवण्या-विकण्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीनं अठराव्या शतकातच आपल्या हाती घेतला होता. माळवा मात्र शिंदे, होळकर आणि लहान संस्थानिकांच्या ताब्यात होता. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये खुद्द मंदसौरला तह झाला, राजकीय सत्ता कंपनीकडे गेली. पण शेतं, सावकार आणि सारा वसुली संस्थानांकडेच राहिली. स्वस्त माळवी अफू आपल्या बंगाली अफूचा भाव पाडते हे पाहून कंपनीनं आधी तिची निर्यात बंद करायचा प्रयत्न केला, मग ती स्वतः विकत घेऊन पाहिली, मग संस्थानांशी करार करून वाहतूक रोखून पाहिली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी अशा कराराला दाद दिली नाही. माल राजस्थानातल्या पालीवरून वाळवंट ओलांडून कराचीला जाई आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला उतरे. मुंबईला लागून असलेली साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहानं ती त्यांच्याकडे कायम झाली, आणि मुंबईपासून या किनाऱ्यावर त्यांचा अंमल बसत गेला. तरी याच किनाऱ्यानं उत्तरेला गेलं की दमण होतं आणि तिथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. अखेर १८३०-३१ च्या सुमारास कंपनीनं हार पत्करली. इंदूरला शुल्क भरून परवाना घ्यावा आणि माल उघडपणे मुंबईहून चीनला पाठवावा, अशी व्यवस्था तिनं केली. सुरुवातीला पेटीमागे १७५ रुपये असलेलं हे शुल्क ही पळवाट बंद करण्यासाठी १८३५ मध्ये १२५ वर आणलं. १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची वाट बंद होताच ते वाढवत १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर नेलं.

या परवान्यानं मुंबईचं रूप पालटलं. सर जमशेटजी जीजीभाई, त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान सौदागर महंमद अली रोगे, दमणच्या व्यापारात मुरलेले गोव्याचे रोजेरियु द फारिया अशा अनेकांची जहाजं आणि भांडवल या व्यापारात गुंतलं. कँटनमध्ये त्यांचा माल विकायला जार्डिन मॅथिसनसारख्या इंग्रज पेढ्या होत्या. चीनच्या व्यापारातला कंपनीचा मक्ता १८३३ च्या कायद्यानं संपला आणि या खाजगी पेढ्यांना रान मोकळं मिळालं. इंग्लंडला चीनचा चहा हवा होता आणि पूर्वी त्यासाठी चांदी मोजावी लागे. आता अफूच्या बदल्यात चांदी चीनमधून बाहेर वाहू लागली. १८३८ च्या सुमारास वर्षाला सुमारे ४०,००० पेट्या चीनमध्ये जात होत्या. १८३० च्या दशकात माळवी अफूनं बंगालच्या अफूची बरोबरी केली, काही वर्षं तिला मागेही टाकलं. तेव्हाच्या चिनी बादशहानं लिन त्सशू या अधिकाऱ्याला बंदोबस्तासाठी कँटनला धाडलं. त्यानं परदेशी व्यापाऱ्यांना वखारींत कोंडून २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या आणि जून १८३९ मध्ये हुमनच्या किनाऱ्यावर खड्ड्यांत पाणी, मीठ आणि चुना घालून ती सारी अफू विरघळवली व समुद्रात सोडून दिली. त्यात मुंबईकरांचा माल मोठा होता, आणि भरपाईची मागणीही इथून जोरानं झाली. इंग्लंडनं आरमार पाठवलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला: हाँगकाँग इंग्रजांना गेलं, शांघायसह पाच बंदरं खुली झाली आणि २ कोटी १० लाख डॉलर खंडणी ठरली. त्यातले ६० लाख डॉलर नष्ट केलेल्या अफूचे होते.

तहाची शाई वाळते न वाळते तोच लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीनं रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याला चीनला पाठवायचं ठरवलं. वर्षाला शंभर पौंड पगारावर तो १८४३ च्या जुलैत हाँगकाँगला उतरला. तहानं परदेशी माणसाला बंदरापासून फार आत जाण्याची मुभा दिली नव्हती. फॉर्च्यूननं डोकं भादरून, शेंडी लावून, चिनी वेषात सूचौ शहर गाठलं. १८४७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं हे सगळं मोकळेपणानं सांगितलं आहे. शांघायच्या परिसरातल्या रोपवाटिकांतून त्यानं रोपं विकत घेतली आणि त्यांत हा पाइन होता. रोपं जिवंत पोचवण्याची अडचण नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरानं आधीच सोडवून ठेवली होती. त्याच्या हवाबंद काचपेटीत मातीतली वाफ काचेवर साठून पुन्हा मातीतच झिरपते, त्यामुळे जहाजावरचं खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई रोपाला बाधत नाही. अशा पेट्या घेऊन फॉर्च्यून १८४६ च्या मे महिन्यात इंग्लंडला पोचला. दोन वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीनं त्यालाच पुन्हा चीनला धाडलं, यावेळी चहाची रोपं, बी आणि चहा बनवणारे कारागीर चोरवाटेनं हिमालयाच्या पायथ्याशी आणण्यासाठी. दोन्ही मोहिमा एकाच माणसानं, एकाच तंत्रानं आणि एकाच तहाच्या आधारानं केल्या. शोभेचं झाड आणि धंद्याचं झाड यांचा इतिहास वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाही तो यामुळे.

फॉर्च्यूननं १८४६ ला नेली ती लहान रोपं होती. त्या झाडाचं खरं वैभव, म्हणजे म्हातारं पांढरं खोड, त्याला पंधरा वर्षांनी दिसलं, आणि तेही दुसऱ्या युद्धानंतर. १८५६ ला सुरू झालेल्या या युद्धात १८५८ च्या त्येनत्सिन तहानं परदेशीयांना चीनच्या अंतर्भागात फिरण्याचा हक्क मिळाला आणि त्याच वर्षीच्या जकातीच्या करारानं अफूची आयात कायदेशीर ठरली. १८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज-फ्रेंच फौजा बेइजिंगला पोचल्या आणि बादशहाचा उन्हाळी महाल, युआनमिंगयुआन, लुटून जाळला गेला. पुढच्याच वर्षी फॉर्च्यून बेइजिंगला आला. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यानं थडग्यांजवळ पाहिलेल्या पाइनाचं वर्णन केलं आहे: जमिनीपासून तीन-चार फुटांवरच बुंधा फुटून आठ-दहा फांद्या सरळ वर गेलेल्या, आणि साल दुधासारखी शुभ्र. बुंगेला हे झाड पाहायला दरबाराची मर्जी लागली. फॉर्च्यूनला ते पाहता आलं ते राजधानी जिंकली गेली म्हणून.

या मांडणीवर काही आक्षेप येतील आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की फॉर्च्यूननं रोपं पैसे मोजून घेतली. यात लूट कुठली? रोपवाटिकेच्या मालकाला दाम मिळाला हे खरं, आणि फॉर्च्यूनला चोर म्हणण्याचं कारण नाही. पण त्या दुकानापर्यंत जाण्याचा हक्क त्यानं विकत घेतलेला नव्हता. त्याचा हिशोब नानकिंगच्या खंडणीत आणि मेलेल्या सैनिकांत आहे. दुसरा आक्षेप आपल्या बाजूचा आहे: माळव्याचे शेतकरी आणि मुंबईचे व्यापारी परकीय सत्तेखाली होते, निर्णय लंडन-कलकत्त्यात होत, त्यांना दोष कसा द्यायचा? शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. सावकाराची उचल आणि साऱ्याचं ओझं यांत त्याला निवड फारशी नव्हती. व्यापाऱ्यांचं तसं म्हणता येत नाही. इतिहासकार अमर फारुकी यांनी दाखवलं आहे, की कंपनीच्या मक्त्याला बगल देऊन चाललेल्या या व्यापारानं देशी भांडवलाला पाय रोवायला जागा दिली. कंपनीशी झगडून मिळवलेली ही जागा होती, म्हणजे व्यापाऱ्यांकडे स्वतःची बुद्धी, धाडस आणि निवड होती. ज्यांनी कंपनीला नमवलं त्यांना केवळ तिचे हस्तक म्हणणं त्यांच्यावरही अन्याय आहे आणि चीनच्या व्यसनग्रस्तांवरही. तिसरा आक्षेप नेहमीचा: आजच्या मापानं कालच्या माणसांना मोजू नये. पण हे माप आजचं नाही. लिननं राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहून हाच प्रश्न विचारला होता. एप्रिल १८४० मध्ये ब्रिटिश संसदेत ग्लॅडस्टन यांनी या युद्धाचा धिक्कार केला, आणि सरकारविरुद्धचा ठराव अवघ्या नऊ मतांनी पडला. अफूचा धंदा वाईट आहे हे त्या काळालाही ठाऊक होतं.

परिणामांचा ताळेबंद मांडला तर तो एकरंगी नाही. मुंबईला या पैशातून रुग्णालय मिळालं. जमशेटजींच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयानं आजवर असंख्य गरिबांचे प्राण वाचवले. त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या दीड लाखाहून अधिक रुपयांतून माहीमचा कॉजवे बांधला गेला आणि १८४५ मध्ये माहीम साष्टीला जोडलं गेलं. आज मीरा-भाईंदरपर्यंत सलग पसरलेल्या महानगराचा तो एक आरंभ होता. चीनच्या वाट्याला आलं ते वेगळं: व्यसन, रिकामा खजिना, आणि आयात कायदेशीर झाल्यावर देशभर वाढलेली स्वतःची खसखशीची शेती. १९०७ च्या करारानं भारतातून चीनला जाणारी अफू दरवर्षी कमी करायचं ठरलं आणि १९१३ मध्ये ती विक्री थांबली. पाइन मात्र युरोपात रुजला आणि वनस्पतिशास्त्राला त्याचा फायदाही झाला. त्याचा जवळचा भाऊबंद आपल्याकडेच आहे: किन्नौरचा चिलगोजा, ज्याच्या बिया मुंबईच्या सुक्या मेव्याच्या दुकानांत महागड्या भावानं विकल्या जातात आणि ज्याची सालही अशीच खपल्यांनी सुटते. तिसरा भाऊबंद १९९१ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतात सापडला. रानात त्याची मोजकीच झाडं उरली आहेत. या तिघांचं नातं समजायला जगभरच्या बागांत वाढलेली झाडं उपयोगी पडतात, हे नाकारून चालणार नाही.

म्हणून हे झाड उपटा किंवा क्यूमधून परत करा, असं कुणी म्हणणार नाही. म्हणायचं ते इतकंच, की झाडाच्या इतिहासात आणणाऱ्याचं नाव आणि साल एवढ्यावर थांबू नये. आपल्या राणीच्या बागेपासून शाळा-कॉलेजांच्या आवारांपर्यंत परदेशी झाडांच्या पाट्यांवर नाव, कुळ आणि मूळ देश लिहिलेला असतो. त्यात आणखी एक ओळ हवी: हे झाड इथे कुठल्या वाटेनं आलं, आणि ती वाट कुणी, कशाच्या बळावर उघडली. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष, ऑस्ट्रेलियाचा निलगिरी, साऱ्यांनाच ही ओळ लागू पडेल. शिक्षकांनी आणि उद्यान विभागांनी हे काम हाती घ्यावं. झाडाचं सौंदर्य त्यानं कमी होत नाही. ते आपल्यापर्यंत पोचवताना कुणी किंमत मोजली, एवढं मात्र मुलांना कळेल.